कुर्त्याला हाक मारायची कशी?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कापड आटण्याविषयी लिहिताना मी ‘ऑलिव्हिया नावाचा एक टॉप’ असा ओझरता उल्लेख केला होता. त्या एवढ्याशा उल्लेखावर मालवण, वेंगुर्ले, अलिबाग आणि रत्नागिरी येथून पत्रे आली. चारही पत्रांचा रोख कपड्यांच्या नमुन्यांना माणसांची नावे देण्याच्या प्रथेकडे आहे, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

मालवणहून एक वाचक भगिनी लिहितात : माझी मुलगी मोबाइलवरून कपडे मागवते. एकदा पार्सल दारात येताच ती ‘आई, एमा आली!’ म्हणून ओरडली आणि कोणी पाहुणी आली असे समजून मी चहाचे आधण ठेवले. आमच्या लहानपणी बाजारपेठेत दुकानदाराला ‘सुती, पाऊण बाहीचा, गोल गळ्याचा’ असे सांगून कपडा मागावा लागे. कंपन्या कपड्यांना माणसांची नावे का देतात? आणि ही रीत खरोखरच नवी आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आधणातच आहे. टॉप आणि ड्रेस हे दोन्ही शब्द आपण मराठीत पुल्लिंगी वापरतो. तरीही आपली मुलगी ‘एमा आला’ असे म्हणाली नाही, ‘एमा आली’ असे म्हणाली. कापडाच्या घडीची तिच्या मनात क्षणभर व्यक्ती झाली होती. कंपनीला नेमके हेच हवे असते.

मी मुंबईत एका निर्यात कारखान्याच्या बेतकाम विभागात नऊ वर्षे काम केले आहे. तिथे एमा नव्हती आणि ऑलिव्हियाही नव्हती. कागदी खाक्यावर, बेतलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांवर, शिलाईच्या रांगेपुढील फळ्यावर आणि बाहेर जाणाऱ्या खोक्यांवर केवळ स्टाइल नंबर असे, आणि हंगाम, कपड्याचा प्रकार, खाक्याचा क्रमांक, कापड, रंग व माप यांची अक्षरे आणि आकडे ओळीने मांडून तो तयार होई. कारागिराला तोच सोयीचा असतो, कारण दोन कपड्यांत फक्त खिशाचा फरक असला तरी आकडा बदलतो आणि गफलत टळते. गिऱ्हाइकाला मात्र दहा-बारा आकडे पाठ करायला सांगता येत नाहीत. वर्णनावर भागवावे, तर पाऊण बाहीचे आणि गोल गळ्याचे सुती कुर्ते एकाच कंपनीच्या एकाच हंगामात डझनाने निघतात; आणि दुकानात बोट दाखवून ‘तो खालून तिसरा’ म्हणण्याची जी सोय होती, ती मोबाइलवर उरलेली नाही. तेव्हा आकड्याला एक मूठ हवी आणि ती मूठ म्हणजे नाव. नाव बहुधा खाक्याला दिलेले असते, कापडाला नव्हे. एकच खाका मलमलीत, खादीत आणि रेयॉनमध्ये, आखूड आणि लांब अशा रूपांत काढला, तरी ते सगळे एकाच नावाखाली नांदतात, आणि ज्या गिऱ्हाइकाला तो अंगाला बसला आहे ते पुढच्या खेपेस डोळे मिटून तेच नाव मागते.

ही अडचण कपड्यांपुरती नाही. इकिया या स्वीडिश कंपनीचे संस्थापक इंगवार काम्प्राड यांना डिस्लेक्सियामुळे, म्हणजे वाचनातल्या अडचणीमुळे, मालाचे आकडे ध्यानात ठेवणे जड जाई, म्हणून तेथील खुर्च्यापडद्यांना नावे देण्याचा प्रघात पडला. उलट, रुळला तर आकडाही नावाचे काम करतो. लिव्हायसच्या जीन्सचा ५०१ हा मुळात मालाच्या लॉटचा क्रमांक होता. आपल्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती तर ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा आकड्यांनीच बागायतदारांच्या तोंडी बसल्या आहेत, आणि कलमे घ्यायला गेलेला माणूस खुशाल ‘सात नंबरची पन्नास द्या’ म्हणतो.

आता रीत किती जुनी, याविषयी. माणसांची नावे ल्यालेले कपडे पुष्कळ जुने आहेत. कार्डिगन हा समोरून उघडा लोकरी स्वेटर लॉर्ड कार्डिगन यांच्या नावाने ओळखला जातो. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाची जी प्रसिद्ध आणि आत्मघातकी चढाई झाली, तिचे नेतृत्व त्यांनीच केले होते. त्याच युद्धातील त्यांचे सरसेनापती लॉर्ड रॅगलन यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. मुंढ्याची, म्हणजे बाही अंगाला जोडण्याची, गोल शिवण टाळून गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण घेणारी रॅगलन बाही शिवणक्लासात आजही शिकवतात. ती त्यांच्या सोयीसाठी निघाली असे सांगितले जाते. आणि पौषात आपल्याकडची वृद्ध मंडळी सकाळी फिरायला जाताना जी माकडटोपी घालतात, तिचे इंग्रजी नाव बालाक्लाव्हा. एका रणांगणाने कपाटाचे तीन खण भरावेत, हे नवलच. कोकणातल्या पावसाच्या दृष्टीने पाहिले तर या सगळ्यांपेक्षा आपल्याला जवळचे वाटावेत असे गृहस्थ म्हणजे ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश. दोन कापडांच्या मध्ये पातळ केलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड करण्याचे पेटंट त्यांनी १८२३ मध्ये घेतले, आणि इंग्लंडात रेनकोटाला त्यांचेच नाव पडले. आपण तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे भातलावणीत इरले घेऊनच वाकत होतो, ही गोष्ट वेगळी.

या जुन्या नावांत एक गंमत आहे. कार्डिगन हे वेल्समधील एका गावाचे नाव आहे आणि रॅगलन हे दुसऱ्या एका गावाचे. कार्डिगन यांचे घरचे नाव जेम्स ब्रुडनेल होते. ‘कार्डिगन’ ही त्यांची उमरावी पदवी होती. म्हणजे आपल्याकडे दाभोळकर, हर्णैकर, वेंगुर्लेकर असतात, तशातलाच तो प्रकार. कोणी त्या स्वेटराला ‘जेम्स’ म्हटले नाही. ‘एमा’ आणि ‘ऑलिव्हिया’ ही मात्र पाळण्यातली नावे आहेत, आणि त्यांच्यामागे गाव नाही, आडनाव नाही, कोणी बाईही नाही. नवेपणा आहे तो इथे.

दुसरा फरक असा, की जुनी नावे लोकांनी ठेवली होती. कोणा कंपनीने जाहिरात न करता महाराष्ट्राने बिनकॉलरच्या लांब सदऱ्याला ‘नेहरू शर्ट’ म्हटले आणि पांढऱ्या घडीच्या टोपीला ‘गांधी टोपी’. अनारकलीची कथा खरी की दंतकथा याचा निकाल लागलेला नाही, परंतु घेरदार, कळ्याकळ्यांचा पोशाख तिच्या नावाने देशभर शिवला जातो; शिंप्याच्या भाषेतली कळी आणि डाळिंबाची कळी अशी दुहेरी सोय त्या नावात आहे. आपला हापूससुद्धा याच जातीचा. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो दे अल्बुकर्क यांच्या नावावरून तो आला असे मानले जाते, आणि आपण त्या नावाला इतके घासून गुळगुळीत केले, की देवगडच्या बागेत त्या सेनानीची आता कोणालाच आठवण होत नाही.

कंपनीने आधी नाव ठेवायचे आणि मग ते लोकांच्या गळी उतरवायचे, ही चाल विसाव्या शतकाच्या आरंभी दिसते. लंडनमध्ये ‘लुसील’ या नावाने पोशाख करणाऱ्या लेडी डफ गॉर्डन आपल्या झग्यांना नावे देत. त्यातल्या एकाचे नाव ‘अतृप्त ओठांचा सुस्कारा’ अशा अर्थाचे होते. ते नाव घेऊन कारकुनाने बिल कसे फाडले असेल, कोण जाणे. पॅरिसच्या एर्मेस या कंपनीची केली पर्स दोहोंच्या मध्ये येते. पर्स जुनीच होती. १९५६ मध्ये नटी आणि मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली हिची ती हाती धरलेली छायाचित्रे गाजली, लोक तिला केलीची पर्स म्हणू लागले आणि १९७७ मध्ये कंपनीने तेच नाव अधिकृत केले.

वेंगुर्ले तालुक्यातील एका बचत गटाच्या वतीने : आम्ही अकरा जणी कुर्ते, परकर-पोलकी आणि कापडी पिशव्या शिवतो आणि पर्यटकांना विकतो. प्रत्येक नमुन्याला आमच्या आज्यांची नावे द्यावीत असा विचार आहे : द्वारका, सत्यभामा, गोदावरी, आवडाबाई. गटातील एक जण म्हणते, की त्याऐवजी नट्यांची नावे दिली तर माल अधिक खपेल. कायद्याची काही अडचण आहे का?

उत्तर : नट्यांची नावे नकोत, हे आधी सांगते. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, हयात व्यक्तीशी किंवा अर्जाच्या आधीच्या वीस वर्षांत मरण पावलेल्या व्यक्तीशी संबंध असल्याचा खोटा भास होईल असे चिन्ह नोंदवायला गेल्यास निबंधक त्या व्यक्तीची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतात. नोंदणी केली नाही म्हणजे सुटलो, असेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज आणि छबी परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास मनाई केली होती. राष्ट्रपुरुषांच्या बाबतीत याहून कडक बंधन आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावे आहेत, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. म्हणजे बोलताना ‘नेहरू शर्ट’ म्हणायला कोणाची हरकत नाही, पण ते नाव आपल्या मालाचे व्यापारचिन्ह करायला गेलात तर अडाल.

आज्यांच्या नावांना कायद्याची अडचण दिसत नाही. नुसते ‘द्वारका’ म्हटल्याने बाजारात कोणा एका व्यक्तीचा बोध होत नाही. नमुन्यांची नावे नोंदवण्याच्या खर्चातही सध्या पडू नका. गटाचे स्वतःचे नाव मात्र नोंदवावे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीत मालाचे वर्ग पाडलेले असतात; कपडे पंचविसाव्या वर्गात आणि पिशव्या अठराव्या वर्गात येतात, ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे वाढवता येते. नमुने दर हंगामाला बदलतील, गटाचे नाव बदलणार नाही.

अडचण येईल ती घरातून. आजी एकट्या एकीची नसते. तिची नातवंडे परळपासून कुडाळपर्यंत पसरलेली असतात, आणि त्यांतल्या एखाद्याला आजीचे नाव पिशवीवर पाहून भरून येईल, तर दुसऱ्याला राग येईल. बाजारात ‘सत्यभामा’ कोणीही असेल, पण तुमच्या वाडीत सत्यभामा कोण हे शेंबडे पोरही सांगते. म्हणून भावंडांना आधी विचारा. संमती दिल्यानंतरही माणसाचे मन बदलू शकते. एर्मेसनेच १९८४ मध्ये गायिका व नटी जेन बर्किन हिच्या नावाने पर्स काढली होती. पण मगरींना मारण्याच्या पद्धतीविषयी वाचल्यावर २०१५ मध्ये तिने मगरीच्या कातड्याच्या पर्सवरून आपले नाव काढावे असे जाहीरपणे कळवले, आणि कंपनीने खुलासा केल्यानंतरच ते प्रकरण निवळले. तुमच्या पिशव्या कापडी आहेत, तरी तत्त्व तेच.

देवींची नावे परकराला, सलवारीला किंवा जमिनीवर टेकणाऱ्या पिशवीला देऊ नका. त्याचे कारण समजावून सांगण्याची कोकणात गरज नाही.

माझी स्वतःची सूचना थोडी निराळी आहे. आपण आजीला कधी ‘द्वारका’ म्हणून हाक मारली होती का? नाव घेऊन बोलावणे हे तिच्या सासूचे किंवा माहेरच्या वडीलधाऱ्यांचे काम. आपल्या तोंडी ती माई होती, आक्का होती, शेजाऱ्यांची वयनी होती. हीच नावे नमुन्यांना का नकोत? लांब बाह्यांचा, खिसे असलेला, घरी-दारी चालणारा कुर्ता ‘माई’. थोडा ठसकेबाज, रंगीत काठाचा तो ‘वयनी’. लहान मुलीचे परकर-पोलके ‘बायो’. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाला अर्थ विचारावासा वाटेल, आणि तुम्ही सांगू लागलात की तो दोन मिनिटे अधिक थांबेल. आज्यांची नावे चिठ्ठीवर बारीक अक्षरात, ‘हा बेत अमक्या आजींच्या पोलक्यावरून घेतला’ अशा एका ओळीत येऊ द्या. तिथे ती अधिक शोभतील.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फोनवरून मागणी घेणार असाल तर सुमन, सुमती, सुमित्रा अशी एकमेकींत मिसळणारी नावे एकाच वर्षी ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे फोनला रेंज कशी असते ते ठाऊक आहेच. वहीत नावापुढे आकडा अवश्य लिहा : माई ०१, माई ०२. खाका बदललात की आकडा बदला.

अलिबागहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : ‘अनघा निम्म्या किमतीत’, ‘शेवटच्या दोन अनघा शिल्लक’ असल्या जाहिराती वाचून ज्यांच्या मुलीचे नाव अनघा आहे, त्यांना काय वाटत असेल? मला यात उघड अनादर दिसतो. नावे बहुधा स्त्रियांचीच का असतात? आणि भारतीय कंपन्यांनाही विलायती नावे का लागतात?

उत्तर : गुरुजी, आपल्या पहिल्या प्रश्नावर मी आपल्याशी बरीचशी सहमत आहे, परंतु दोष नावापेक्षा वाक्यरचनेत आहे असे मला वाटते. ‘अनघा कुर्ता निम्म्या किमतीत’ असे लिहिले की कुर्ता हा शब्द नावाच्या पुढे ढालीसारखा उभा राहतो, क्रियापद पुल्लिंगी होते आणि अनघा नावाच्या मुलीची सुटका होते. जागा वाचवण्यासाठी कंपनी तो एक शब्द गाळते आणि मग ‘अनघा धुतल्यावर आटली’, ‘अनघा परत पाठवली’ अशी वाक्ये घडतात. जिथे अनोळखी माणसेही परस्परांना पहिल्या नावाने संबोधतात, त्या देशांत हे खटकत नसेल. आपल्याकडे नुसते पहिले नाव घेणे म्हणजे एकेरी हाक, आणि ती कोणी कोणाला मारावी याचे नियम आपल्याला लहानपणापासून पाठ असतात.

स्त्रियांचीच नावे का, याचे एक साधे कारण म्हणजे स्त्रियांच्या कपड्यांत गळा, बाही, घेर आणि लांबी यांचे प्रकार इतके असतात की नावांची गरज तिथे जास्त पडते. पुरुषांचा शर्ट ‘स्लिम’ की ‘रेग्युलर’ एवढ्यावर भागतो. पण सवयीचा भागही आहेच. इकियामध्ये खुर्च्यांना आणि लिहिण्याच्या टेबलांना पुरुषांची नावे दिली जातात, तर कापडांना आणि पडद्यांना स्त्रियांची. अमेरिकेत १९५३ पासून अटलांटिकमधल्या वादळांना केवळ स्त्रियांची नावे देत, आणि पुरुषांची नावे त्या यादीत यायला १९७९ साल उजाडावे लागले. आपल्या समुद्रातल्या वादळांच्या नावांना याबाबतीत शिस्त आहे : नाव राजकारण, धर्म, संस्कृती आणि लिंग यांच्या बाबतीत तटस्थ असावे असा दंडक आहे, आणि एकदा वापरलेले नाव पुन्हा वापरत नाहीत. ३ जून २०२० ला ज्याने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, त्याचे नाव ‘निसर्ग’ होते. तेव्हा कोणाच्या लेकीसुनेच्या नावाने बोटे मोडण्याची वेळ आली नाही.

विलायती नावांचे कारण मला केवळ हौस वाटत नाही. आपल्याकडचे नाव कधी एकटे येत नाही. ते वय, प्रांत, धर्म आणि पुष्कळदा जातही सोबत घेऊन येते. ‘सावित्री’ म्हटले की साठीच्या पुढची बाई डोळ्यांपुढे येते, ‘मृण्मयी’ म्हटले की विशिष्ट घरातली मुलगी. ऑलिव्हिया कोणत्या वाडीची आणि कोणाची कोण, हे आपण विचारत नाही. ज्या कंपनीला एकच कुर्ता लुधियान्यापासून कोचीपर्यंत विकायचा आहे, तिला हे कोरेपण सोयीचे पडते. मला ती पळवाट वाटते, पण व्यापारी दृष्टीने ती चूक आहे असे म्हणवत नाही.

रत्नागिरीहून एक वाचक भगिनी : गेल्या वर्षी एका कंपनीचा ‘रेवती’ नावाचा कुर्ता मला नेमका बसला. या वर्षी त्याच नावाचा, त्याच मापाचा मागवला, तर मुंढ्यात काचतो. कंपनी म्हणते, काही बदललेले नाही.

उत्तर : खाका बदललेला असण्याची शक्यता अधिक आहे. खपलेली नावे काही कंपन्या नव्या बेताला पुन्हा लावतात, कारण गिऱ्हाईक नाव ओळखते; आणि खाका तोच ठेवून कापड बदलले, तरी कमी ताणाचे कापड मुंढ्यात पहिल्यांदा जाणवते. दोन्ही कुर्ते उलटे करून डाव्या बाजूच्या शिवणीतील पट्ट्या पाहा आणि स्टाइल नंबर शेजारी शेजारी लिहा. आकडे वेगळे निघाले, तर कुर्ता वेगळा आहे. त्या पट्ट्यांची छायाचित्रे जोडून पैसे परत मागा, आणि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आकडे तेच असतील, तर दोन्ही कुर्ते सपाट पसरून काखेखाली छाती आणि मुंढ्याची खोली मोजून मला कळवा. मुंढा अर्ध्या इंचापर्यंत कमी भरत असेल आणि शिवणीत आत तेवढा दाब, म्हणजे जास्तीचे कापड, सोडलेला असेल, तर तुमचा शिंपी तो तासाभरात मोकळा करून देईल.